नवे एसपी येतात तेव्हा: जिल्ह्याचा पोलीसप्रमुख कोण निवडतो आणि आपण त्यांना काय विचारायचे?

जिल्ह्यात नवे पोलीस अधीक्षक रुजू झाले की पुढचे आठ दिवस मोबाईलवर एकच दृश्य दिसते. पुष्पगुच्छ, शाल, हसरे चेहरे आणि खाली ओळ: 'नवनियुक्त एसपी साहेबांची सदिच्छा भेट.' सगळ्या पक्षांचे, मंडळांचे, संघटनांचे फोटो. त्यात आपल्याही संघटना असतात. आम्हीही अशा फोटोंत उभे राहिलो आहोत. फोटो काढून बाहेर आल्यावर लक्षात येते की साहेबांना आपण एकही प्रश्न विचारला नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगल जिल्ह्यांना पोलीसप्रमुख कसा मिळतो, तो निवडण्यात आपला काही वाटा आहे का, आणि नसेल तर कायद्याने आपल्या हातात काय दिले आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना नीट माहीत असायला हवे. एखाद्या गावात आपल्या माणसावर हात उचलला गेला, तर पुढचे साठ दिवस काय होणार हे बरेचसे या एका खुर्चीवर ठरते.

एसपी आणि आयुक्त यांत फरक काय?

चंद्रपूरला २०११ साली महानगरपालिका झाली. वीज केंद्र, कोळसा खाणी, दुर्गापूर, पडोली, घुग्घुस, बल्लारपूर असा शहराचा पसारा वाढतच आहे. तरीही शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्त नाही. शहर आणि सगळे १५ तालुके एकाच पोलीस अधीक्षकांकडे आहेत. गडचिरोलीचेही तसेच. १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा, १२ तालुके आणि मुख्यालयापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर.

मोठ्या शहरांची उपनगरे वाढली तेव्हा सरकारने तिथे वेगळी वाट धरली. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि आर. के. पद्मनाभन तिथले पहिले आयुक्त झाले. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झाले आणि सदानंद दाते पहिले आयुक्त म्हणून गेले. आयुक्तालय झाले की वरच्या दर्जाचा अधिकारी येतो आणि जमावबंदीसारखे दंडाधिकाऱ्याचे अधिकारही पोलीस आयुक्तांकडे जातात.

आपल्याकडे हे अधिकार विभागलेले आहेत. जमावबंदीचा आदेश जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी काढतात, तडीपारीचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देतात. बंदोबस्त, तपास आणि ठाणेदारांवरची देखरेख एसपींकडे असते. कोणते निवेदन कलेक्टर ऑफिसला द्यायचे आणि कोणते एसपी ऑफिसला, हा गोंधळ आपल्या कार्यकर्त्यांत कायम असतो. मोर्च्यावर बंदी घातली असेल तर आदेशाखाली सही कोणाची आहे ते आधी पाहा. गुन्हा नोंदवला जात नसेल तर सरळ एसपींकडे जा.

निवड होते कुठे?

अमेरिकेतल्या अनेक शहरांत पोलीसप्रमुखाची जागा रिकामी झाली की जाहिरात निघते, मुलाखती होतात, काही ठिकाणी शेवटच्या यादीतले उमेदवार नागरिकांच्या खुल्या सभेत येऊन प्रश्नांना उत्तरे देतात. आपल्याकडे यातले काही नाही. जाहिरात नाही, अर्ज नाही, जनसुनावणी नाही. एके संध्याकाळी गृह विभागाचा बदल्यांचा आदेश निघतो आणि त्यात आपल्या जिल्ह्यापुढे एक नाव असते.

पण त्या आदेशामागे कायद्याने ठरवलेली वाट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुकांबाबत शिफारस करण्यासाठी 'पोलीस आस्थापना मंडळ क्रमांक १' आहे. गृह विभागाचे अपर मुख्य सचिव त्याचे अध्यक्ष असतात. पोलीस महासंचालक, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे महासंचालक, मुंबईचे पोलीस आयुक्त हेही त्यात असतात. आयपीएस अधिकाऱ्याच्या बदलीचा अंतिम अधिकार मुख्यमंत्र्यांचा.

आपल्यासाठी यात एक महत्त्वाची ओळ आहे आणि ती फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. या मंडळात पदसिद्ध सदस्यांपैकी कोणीही मागासवर्गीय नसेल, तर अपर पोलीस महासंचालक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक मागासवर्गीय अधिकारी सरकारने जादा सदस्य म्हणून नेमायचा आहे. जिल्ह्याचा एसपी कोण व्हावा ही चर्चा जिथे होते त्या टेबलावर आपल्या समाजघटकांतला एक तरी माणूस असावा, ही सोय कायद्यात लिहिलेली आहे. ती पाळली जाते का, हे माहितीच्या अधिकारात विचारणे हे आपले काम.

दोन वर्षांचा नियम

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात निकाल दिला. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली ही याचिका केली होती. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यातला एक असा की जिल्ह्याचा एसपी आणि ठाण्याचा प्रमुख यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा. आमदार नाराज झाला म्हणून बदली, कंत्राटदाराला अडवले म्हणून बदली, हे थांबावे हा हेतू. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, हाही त्या सातांतलाच एक निर्देश.

या निकालानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, आपल्याच विदर्भात भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. स्थानिक पोलिसांच्या हलगर्जीबद्दल राज्यभर संताप उसळला, काही पोलीस निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. खुनाबद्दल शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा न्यायालयात टिकला नाही. सुरुवातीच्या दिवसांत ठाण्यात काय लिहिले गेले, कोणते पुरावे गोळा झाले आणि कोणते नाही, याची किंमत पुढे न्यायालयात मोजावी लागते. हा धडा आपल्या पिढीने खैरलांजीतून घेतला.

महाराष्ट्राच्या कायद्यात दोन वर्षांचा नियम कलम २२-न मध्ये आला. पोलीस उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण कार्यकाळ एका जागी दोन वर्षे. मुदतीआधी बदली करता येते, पण अपवाद म्हणून, लोकहितासाठी किंवा प्रशासनाची निकड असेल तर. हा 'अपवाद' किती ताणला जातो हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

सरकारने मनात आणले तर अधिकाऱ्याला वेळ मिळतो, याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात एसपी झालेले नीलोत्पल २०२५ च्या ऑक्टोबरातही तिथेच होते. संदीप पाटील आधी गडचिरोलीचे एसपी होते, पुढे गडचिरोली परिक्षेत्राचे उपमहानिरीक्षक म्हणून परत आले. नक्षलविरोधी लढाईत माणूस, वाट आणि बोली ओळखणारा अधिकारी लागतो, हे सरकारला पटले म्हणून हे झाले. मग आमचा प्रश्न असा: जातीय अत्याचाराच्या तपासालाही गाव, वस्ती आणि तिथली माणसे ओळखणारा अधिकारी लागत नाही का? त्यासाठी तीच निकड का दिसत नाही?

अ‍ॅट्रॉसिटी कायदा एसपींवर काय सोपवतो?

१९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि १९९५ चे नियम वाचले तर 'पोलीस अधीक्षक' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

ठाणेदाराने तक्रार घ्यायला नकार दिला तर ती लेखी स्वरूपात टपालाने एसपींकडे पाठवता येते. एसपींनी स्वतः किंवा उपअधीक्षकामार्फत चौकशी करून ठाण्याला नोंद करण्याचा लेखी आदेश द्यायचा असतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम १८-अ आले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेसाठी कोणाची पूर्वपरवानगी नको, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते वैध ठरवले. तेव्हा 'आधी चौकशी करू, मग पाहू' हे ठाण्यातले उत्तर ऐकून परत फिरू नका.

तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. साठ दिवसांत तपास पुरा करून विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल करायचे असते. उशीर झाला तर कारण लेखी द्यावे लागते. अत्याचार घडलेल्या जागी जिल्हाधिकारी आणि एसपींनी भेट द्यायची, गुन्हा नोंदला गेला याची खात्री एसपींनी करायची, तपास अधिकारी तातडीने नेमायचा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर कलम ४ खाली त्याला सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

हे सगळे कागदावर आहे. आता साठ दिवसांच्या मध्येच एसपी बदलले तर काय होते ते पाहा. नवे साहेब जिल्हा समजून घेतात, उपविभागीय अधिकारीही बदलतो, जुनी फाईल कपाटात जाते. ठाण्यात विचारायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळते, 'साहेब नवीन आहेत, थोडे थांबा.' हे वाक्य आमच्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. साक्षीदार मात्र थांबत नाहीत. तोवर त्यांच्यावर गावाचा दबाव येतो, मजुरी बंद होते, समझोत्याचे निरोप सुरू होतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना गावाच्या चौकात बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. त्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तरी डोंगरातल्या एका गावात भरदिवसा हे घडले आणि लोक पाहत उभे राहिले. अशा गावात पोलीस पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, आधी कुजबुज सुरू असताना ती कोणाच्या कानावर जाते, हे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाने ठाण्यांना लावलेल्या शिस्तीवर अवलंबून असते.

आता कसा अधिकारी हवा?

गडचिरोलीच्या एसपींकडे आजवर सगळ्यांनी एकाच नजरेने पाहिले. १९९० साली सी-६० पथक उभे राहिले. २००९ मध्ये लाहेरीत १७ पोलीस मारले गेले, २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान गेले. पोलीस शिपायांच्या या घरांत आपलीही घरे आहेत, हे विसरता येत नाही. चकमकी आणि आत्मसमर्पणे हेच अधिकाऱ्याच्या कामाचे मोजमाप बनले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा एक मोठा काळ संपत आल्याचे दिसले.

पुढच्या गडचिरोलीचे प्रश्न वेगळे असतील. सुरजागडची लोहखाण, खनिजाचे ट्रक, जमिनीचे व्यवहार, बाहेरून येणारा पैसा आणि मजूर, दारूबंदीतली चोरटी दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला लागू झाली आणि २०२१ ला उठवली गेली. या बदलत्या जिल्ह्यात आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांची तक्रार ऐकणारा पोलीस लागेल. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत अनुसूचित जमाती ३८ टक्क्यांहून जास्त आणि अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणजे जिल्ह्यातला जवळपास दुसरा प्रत्येक माणूस अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने संरक्षण दिलेल्या समाजातला आहे. शौर्याबरोबर या कायद्याच्या अंमलबजावणीचा हिशेबही एसपींच्या कामाच्या मोजमापात आला पाहिजे, ही मागणी आता करायची वेळ आहे.

त्या खुर्चीत आपली मुले

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर ज्यांनी प्रामाणिकपणे कागदावर 'बौद्ध' लिहिले, त्यांना केंद्रात अनुसूचित जातीचे आरक्षण मिळेना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. राज्याने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण आयपीएस ही अखिल भारतीय सेवा. तिच्या आरक्षणाचे दार बौद्धांसाठी १९९० च्या दुरुस्तीनंतर उघडले. ३४ वर्षे आपल्या दोन पिढ्या या दाराबाहेर होत्या.

संविधानाचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी अखिल भारतीय सेवांचे महत्त्व सांगितले होते. प्रशासनाची मोक्याची पदे देशभर सारख्या पात्रतेवर निवडलेल्या माणसांकडे असावीत, असा त्यांचा विचार होता. एसपीचे पद हे असेच मोक्याचे पद आहे.

तिथे पोहोचण्याच्या वाटा दोन. पहिली, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षे वयापर्यंत परीक्षा देता येते आणि प्रयत्नांची मर्यादा नाही. निवड झाली की हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत प्रशिक्षण, मग सहायक पोलीस अधीक्षक, अपर अधीक्षक आणि पुढे जिल्हा. दुसरी, एमपीएससीतून पोलीस उपअधीक्षक. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण आणि पुढे बढतीने आयपीएस. पुण्याची बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी यूपीएससीचे प्रशिक्षण देते. ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी, अहेरीच्या मुलामुलींपर्यंत तिची माहिती वेळेत पोहोचवणे हे प्रत्येक विहारातल्या अभ्यासिकेचे काम असावे.

मात्र एक भ्रम नको. आपल्या समाजाचा अधिकारी आला म्हणजे सगळे सुरळीत, असे होत नाही. त्याच्यावरही तोच दबाव असतो, त्याचीही बदली तशीच होते. म्हणून माणूस कोणीही असो, प्रश्न विचारणारा समाज जागा लागतो.

पहिल्या भेटीत काय न्यायचे?

पुढच्या वेळी नवे एसपी आले की पुष्पगुच्छाऐवजी एक पानाचे निवेदन न्या. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. त्यात एवढेच विचारा:

१. जिल्ह्यात अ‍ॅट्रॉसिटीचे किती गुन्हे तपासावर आहेत? साठ दिवस उलटून गेलेले किती? उशिराची लेखी कारणे दिली आहेत का?

२. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होणे बंधनकारक आहे. एसपी तिचे सदस्य असतात. मागच्या चार बैठका कधी झाल्या?

३. तक्रार नोंदवायला नकार दिल्याच्या किती तक्रारी एसपी कार्यालयात आल्या आणि कलम ४ खाली कोणावर कारवाई झाली?

४. जादूटोणाविरोधी कायद्याखालचे दक्षता अधिकारी कोण आहेत आणि दुर्गम गावांत त्यांची नावे लावली आहेत का?

५. पीडित आणि साक्षीदारांना कलम १५-अ प्रमाणे संरक्षण आणि तपासाची माहिती देण्याची व्यवस्था काय आहे?

तोंडी आश्वासन मिळाले तर आभार माना आणि महिन्याभराने माहितीच्या अधिकारात हेच प्रश्न विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तरांची फाईल तालुका शाखेत ठेवा. एसपी बदलतील, तुमचा अध्यक्षही बदलेल, फाईल राहिली पाहिजे. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनाबद्दल राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद कायद्यात आहे, तीही वाट लक्षात ठेवा. आणि काम करणाऱ्या अधिकाऱ्याची मुदतीआधी बदली झाली, तर कारण विचारणारे पहिले निवेदनही आपलेच असू द्या.

एसपी निवडताना आपल्याला कोणी विचारत नाही, हे खरे. पण ते आल्यावर त्यांना विचारायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. यंदा धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाच्या बंदोबस्ताची बैठक होईल, तेव्हा बौद्ध संघटनांचे प्रतिनिधी एसपींसमोर बसलेले असतीलच. पार्किंग आणि पाण्याचे बोलून झाले की वरचे पाच प्रश्न काढा.

जयभीम.